शिट्टी मोठ्या शहराचं ऐकते का?

(ठाण्यातल्या एक निवृत्त क्रीडाशिक्षिका आणि बास्केटबॉल रेफ्री या सदरात वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं देतात.)

प्रश्न : बाई, मी तुमचा माजी विद्यार्थी, आता ऐरोलीत राहतो. ऑक्टोबर २०१९ मध्ये वरळीच्या डोममध्ये एनबीए या अमेरिकन बास्केटबॉल लीगमधले सॅक्रामेंटो किंग्ज आणि इंडियाना पेसर्स हे संघ खेळायला आले होते, तेव्हापासून मी किंग्जचा. सकाळी ट्रान्स-हार्बरच्या गाडीत फोनवर एनबीए बघत ऑफिसला जातो. मध्यंतरी जुने सामने शोधताना २००२ च्या प्लेऑफमधला (बाद फेरीतला) लॉस एंजेलिस लेकर्स-किंग्ज सहावा सामना हाती लागला आणि डोकंच फिरलं. ऑफिसातला मित्र म्हणतो, त्यात नवल काय? न्यूयॉर्क, लॉस एंजेलिस ही मोठी शहरं, टीव्हीला तेच संघ फायनलमध्ये हवे असतात, मग शिट्टीही त्यांच्याच बाजूने वाजणार. हे खरं आहे का? तुम्ही इतकी वर्षं शिट्टी वाजवलीत, आडपडदा न ठेवता सांगा.
– एक वाचक, ऐरोली

उत्तर : तो सामना ३१ मे २००२ चा, आपल्याकडे १ जूनची सकाळ. त्याचा चौथा क्वार्टर रेफ्रींनी वाईट हाताळला. लेकर्स सात सामन्यांच्या मालिकेत (आधी चार जिंकेल तो पुढे) ३-२ असे मागे होते, हरले असते तर तिथेच बाहेर. त्या एका क्वार्टरमध्ये त्यांना २७ फ्री थ्रो (फाऊलबद्दल मिळणारे, कोणी न अडवता घ्यायचे एकेका गुणाचे शॉट) मिळाले. अख्ख्या सामन्यात लेकर्सना ४०, किंग्जना २५. व्लाडे डिवाट्स आणि स्कॉट पोलार्ड हे किंग्जचे दोन्ही सेंटर (रिंगजवळ खेळणारे उंच खेळाडू) सहा-सहा फाऊल होऊन बाहेर गेले. अगदी शेवटी, लेकर्स एका गुणाने पुढे असताना, कोबी ब्रायंटचं कोपर माइक बिबीच्या नाकावर बसलं. बिबी खाली पडला, शिट्टी वाजली नाही. लेकर्स १०६-१०२ ने जिंकले. तुझं डोकं फिरलं यात तुझं काही चुकलं नाही.

ठाण्यात नवख्या रेफ्रींचे वर्ग घेते तेव्हा मी हा क्वार्टर मुद्दाम दाखवते. आधी आवाज बंद करून. मुलं शांतपणे पाय बघतात, हात बघतात, आणि सेंटरच्या नावावर लागलेल्या काही फाऊलना म्हणतात, ‘बाई, इथे धक्का कुठे लागला?’ मलाही दिसत नाही. मग तोच भाग आवाजासकट लावते. लॉस एंजेलिसचं स्टेडियम ओरडतं आणि त्याच क्षणी वर्गातल्या दोघा-तिघांच्या मुठी आपोआप वर जातात. रेफ्री फाऊलची खूण करतो तशा. त्यांना लॉस एंजेलिसशी काही देणंघेणं नाही. त्यांनी फक्त गर्दी ऐकलेली असते.

ब्रिटनमध्ये संशोधकांनी नेमकं हेच तपासलं होतं, फुटबॉलच्या रेफ्रींवर. त्याचा निबंध २००२ सालीच आला. एकाच सामन्यातल्या झटापटी काही रेफ्रींना गर्दीच्या आवाजासकट दाखवल्या, काहींना आवाजाशिवाय. आवाज ऐकणाऱ्यांनी यजमान संघाविरुद्ध स्पष्टपणे कमी फाऊल दिले. शिट्टीला मोह पडतो तो हॉलमधल्या माणसांचा, ही माझी पहिली खात्री. टीव्हीसमोर किती लाख बसलेत याचा आवाज कोर्टवर येत नाही.

पण मालिका म्हटली की सगळी पाहायची, आणि इथे तुला किंग्जचा चाहता म्हणून जरा त्रास होईल. चौथ्या सामन्यात हाफटाइमच्या ठोक्याला लेकर्सच्या समाकी वॉकरने लांबून बॉल फेकला. बजर वाजल्यावर तो हातातून सुटला होता, तरी तीन गुण धरले गेले, आणि लेकर्स तो सामना एका गुणाने जिंकले. (पुढच्याच मोसमात अशा शॉटसाठी व्हिडिओ रिप्ले आला.) पाचव्या सामन्यात मात्र बॉल किंग्जच्या क्रिस वेबरला लागून बाहेर गेल्यासारखा दिसतो, पण दिला किंग्जना, आणि त्यावरच बिबीने विजयी शॉट मारला. तिथेही फरक एका गुणाचा. सातवा सामना सॅक्रामेंटोत, त्यांच्याच प्रेक्षकांसमोर. किंग्जना ३० फ्री थ्रो मिळाले, त्यांतले १६च रिंगमध्ये गेले. सामना ओव्हरटाइममध्ये हातचा सुटला. फ्री थ्रोच्या रेषेवर तुम्हाला कोणी हात लावत नाही, रेफ्रीही काही करू शकत नाही.

आता तुझ्या मित्राचं म्हणणं. मोठ्या शहराला शिट्टी मदत करते हे खरं असेल, तर त्याच्या खुणा कुठे ना कुठे उमटायला हव्यात. अमेरिकेतली सर्वांत मोठी टीव्ही बाजारपेठ न्यूयॉर्क. तिथल्या निक्स संघाने १९७३ साली विजेतेपद मिळवलं आणि त्यानंतर अर्धशतक उलटलं तरी निदान २०२५ पर्यंत त्यांना ते पुन्हा मिळालं नाही. १९९९ मध्ये ते फायनलला पोहोचले आणि सॅन अँटोनिओसमोर हरले. सॅन अँटोनिओ हे तिकडच्या हिशोबात लहान शहर. त्यांनी १९९९, २००३, २००५, २००७ आणि २०१४ अशी पाच विजेतेपदं घेतली. लॉस एंजेलिसचाच दुसरा संघ क्लिपर्स, त्यांना निदान २०२५ पर्यंत फायनलसुद्धा दिसली नाही. २०२१ ला मिलवॉकी, २०२३ ला डेन्व्हर. २०२५ ची फायनल तर ओक्लाहोमा सिटी विरुद्ध इंडियाना, म्हणजे टीव्हीवाल्याने स्वतः निवडली असती तर शेवटी निवडली असती अशी जोडी, आणि ती सात सामने चालली.

२००६ चं उदाहरण मला फार बोलकं वाटतं. मायामीच्या ड्वेन वेडने फायनलच्या सहा सामन्यांत ९७ फ्री थ्रो घेतले. पाचव्या सामन्यात त्याने एकट्याने २५, आणि समोरच्या अख्ख्या डॅलस संघानेही २५. डॅलसचे लोक अजून ते विसरलेले नाहीत. पण बाजारपेठ म्हणून डॅलस मायामीपेक्षा मोठी आहे. शहराचा हिशोब असता तर तो उलटा पडायला हवा होता. वेड प्रत्येक वेळी रिंगकडे घुसत होता, डॅलसचे खेळाडू लांबून शॉट घेत होते. घुसणाऱ्याला फाऊल मिळतात, हा नियम आपल्या नौपाड्यातल्या सिमेंटच्या कोर्टवरही तसाच चालतो. ९७ हा आकडा मला जास्तच वाटतो, हेही खरं. वेड स्टार होता आणि स्टारला शंकेचा फायदा मिळतो, हा आजार मी मान्य करते. मात्र स्टार लहान शहरातही असतो.

वरळीला आलेल्या दुसऱ्या संघाचीही गोष्ट ऐक. २०२४ च्या प्लेऑफमध्ये पेसर्सची गाठ निक्सशी पडली. पहिल्या सामन्यात अगदी शेवटच्या मिनिटात पेसर्सच्या खेळाडूच्या हाताला लागलेला बॉल पायाला लागला म्हणून शिट्टी वाजली, आणि ती चूक असल्याचं रेफ्रींनी सामन्यानंतर मान्य केलं. पहिले दोन्ही सामने हरल्यावर पेसर्सने ७८ निर्णयांची यादी लीगकडे पाठवली. प्रशिक्षक रिक कार्लाइल पत्रकारांसमोर बोलले, की लहान बाजारपेठेच्या संघालाही बरोबरीची संधी मिळाली पाहिजे. त्यांना ३५,००० डॉलर दंड झाला. म्हणजे तुझ्या मित्राचा संशय फक्त चाहत्यांचा नाही, लीगच्या अनुभवी प्रशिक्षकाच्या तोंडूनही तो आला. आणि पुढे काय झालं? सातवा सामना न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये झाला, आणि पेसर्स १३०-१०९ ने जिंकले. पुढच्या वर्षी फायनलच्या दारात पुन्हा निक्सच समोर होते, पुन्हा पेसर्सच जिंकले.

म्हणून सगळं आलबेल आहे असं मी म्हणणार नाही. जोसेफ प्राइस, मार्क रेमर आणि डॅनियल स्टोन या तीन अर्थशास्त्रज्ञांनी २०१२ साली एनबीएच्या रेफ्रींवर एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांची युक्ती मला रेफ्री म्हणून फार आवडली. बॉल गमावण्याचे दोन प्रकार असतात. चुकीचा पास दिला, बॉल हिसकावला गेला, यात रेफ्रीला ठरवण्यासारखं फारसं नसतं. ट्रॅव्हलिंग (टप्पा न देता बॉल घेऊन चालणं) किंवा ऑफेन्सिव्ह फाऊल (बॉल ज्यांच्याकडे आहे त्या संघाच्या खेळाडूचा) मात्र रेफ्रीने दिला तर होतो. या दोन प्रकारांची तुलना केली की शिट्टीचा कल उघडा पडतो. त्यांना तीन ठिकाणी झुकाव सापडला : घरच्या मैदानावर खेळणारा संघ, चालू सामन्यात मागे पडलेला संघ आणि प्लेऑफ मालिकेत मागे असलेला संघ. आणि या तिन्ही गोष्टींनी खेळाची मागणी वाढते, असंही त्यांनी लिहिलं.

हे झुकाव २००२ च्या सहाव्या सामन्यावर ठेवून बघ. लेकर्स घरी खेळत होते. मालिकेत मागे होते. तो चौथा क्वार्टर समजायला लॉस एंजेलिसची बाजारपेठ लागतच नाही. पैशाला कुठलं शहर हवं यापेक्षा सातवा सामना जास्त हवा असतो. सातवा सामना कुठल्याही शहराचा असो, विकला जातो. मला काळजी वाटते ती याची. शहरावरचा संशय एका संघाला दिलासा देतो, एका संघाला शिवी देतो आणि मूळ प्रश्न बाजूला राहतो.

तो मूळ प्रश्न असा, की लीगची इच्छा रेफ्रीपर्यंत पोहोचते कशी? कोणी फोन करून ‘यांना जिंकव’ असं सांगत नाही. आमच्याकडे जिल्हा स्पर्धेच्या आधी रेफ्रींची बैठक होते. तिथे कोणी एवढंच म्हणालं, ‘या वेळी स्क्रीन लावणाऱ्याचे (म्हणजे साथीदाराला मोकळं करायला बचाव करणाऱ्याच्या वाटेत स्थिर उभं राहणाऱ्याचे) पाय बघा,’ की दुसऱ्या दिवशी प्रत्येक कोर्टवर हलत्या स्क्रीनचे फाऊल सुरू. मी हे अनेकदा बघितलं आहे. सांगणारा प्रामाणिक, ऐकणारा प्रामाणिक, आणि तरी ज्या संघाचा खेळ स्क्रीनवर उभा आहे तो संघ संपतो. २००५ मध्ये ह्यूस्टनचे प्रशिक्षक जेफ व्हॅन गंडी यांनी जाहीरपणे सांगितलं, की डॅलसच्या तक्रारीनंतर त्यांच्या संघातल्या याओ मिंगच्या स्क्रीनवर रेफ्रींची खास नजर असल्याचं त्यांना आतून कळलं होतं. त्यांना १ लाख डॉलर दंड झाला. दोन्ही शहरं मोठी, दोन्ही टेक्सासमधली. फरक शहराचा नव्हता, कोणाची तक्रार ऐकली गेली याचा होता.

हाच रस्ता चांगल्यासाठीही वापरता येतो. २०२१-२२ च्या मोसमात लीगने ठरवलं, की शॉट घेताना मुद्दाम वाकडं होऊन बचाव करणाऱ्याच्या अंगावर आदळणाऱ्याच्या बाजूने फाऊल द्यायचा नाही. पहिला फटका बसलेल्यांत जेम्स हार्डन होता. तेव्हा तो ब्रुकलिनचा, म्हणजे न्यूयॉर्कचाच. ते पाहून मला खूप बरं वाटलं, कारण शाळेतली मुलंसुद्धा तसं आदळायला शिकली होती.

राहिली खरी लबाडी. ती झाली, आणि तिला बाजारपेठेची गरज पडली नाही. टिम डॉनाघी हा १३ मोसम एनबीएत रेफ्री होता. तो सट्टेबाजांना माहिती पुरवत होता, स्वतः काम केलेल्या सामन्यांवरही पैसे लावत होता. २००७ मध्ये त्याने कोर्टात गुन्हा कबूल केला, २००८ मध्ये १५ महिन्यांची शिक्षा झाली. २००२ चा सहावा सामना लीगच्या सोयीने फिरवला गेला, हा आरोप त्याच्याच वकिलाने २००८ मध्ये कोर्टाला दिलेल्या पत्रातून पुढे आला. लीगने तो फेटाळला, आणि त्या प्रकरणात दुसऱ्या कोणत्याही रेफ्रीवर खटला झाला नाही. स्वतः खेळ विकलेल्या माणसाच्या शब्दावर मी दुसऱ्या रेफ्रीला चोर म्हणणार नाही. रेफ्री चुकला म्हणणं आणि रेफ्री विकला गेला म्हणणं यात त्या माणसाच्या आयुष्याचा फरक आहे.

त्या प्रकरणानंतर एक सुधारणा झाली. कोणत्या सामन्याला कोण रेफ्री हे आधी गुपित असायचं, आणि त्या गुपितालाच सट्ट्यात किंमत होती. आता सामन्याच्या दिवशी सकाळी नावं जाहीर होतात. २०१४ पासून न्यू जर्सीत रिप्ले केंद्र आहे, २०१९ पासून प्रशिक्षकाला चॅलेंज घेता येतो. मार्च २०१५ पासून चुरशीच्या सामन्यांच्या शेवटच्या दोन मिनिटांतला प्रत्येक निर्णय लीग दुसऱ्या दिवशी तपासून प्रसिद्ध करते. २८ जानेवारी २०२३ ला बॉस्टनमध्ये अगदी शेवटच्या क्षणी लेब्रॉन जेम्सच्या हातावर फटका बसला, शिट्टी वाजली नाही, आणि लेकर्स ओव्हरटाइममध्ये हरले. रेफ्रींच्या संघटनेने चूक उघडपणे मान्य केली. लीगमधला सर्वांत मोठा स्टार, लॉस एंजेलिसचा संघ, शेवटचा शॉट, तरी शिट्टी गप्प. गर्दी बॉस्टनची होती.

पण दोनच मिनिटं का? किंग्जवरचे ते फाऊल काही सगळे शेवटच्या दोन मिनिटांतले नव्हते. प्लेऑफमध्ये तरी अठ्ठेचाळीसही मिनिटांचा अहवाल निघाला पाहिजे, आणि मोसमाआधी रेफ्रींना काय सांगितलं तेवढंच नाही, तर मालिका चालू असताना कोणत्या संघाच्या तक्रारीवरून काय सांगितलं हेही लोकांसमोर आलं पाहिजे. रेफ्रीला पगार लीग देते, त्याच्या कामाला गुण लीग देते, प्लेऑफच्या पुढच्या फेरीत कोणाला पाठवायचं हेही लीगच ठरवते. असा माणूस लीगच्या मनात काय आहे याचा अंदाज बांधत राहतो, न सांगताही. त्याला त्यातून सोडवायचं तर ते गुण देणं लीगच्या हातातून काढून स्वतंत्र माणसांकडे द्यायला हवं. हे रेफ्रींच्या बाजूने मागतेय मी, त्यांच्याविरुद्ध नाही.

मित्राला हे पत्र वाचून दाखव. आणि सातव्या सामन्यातले ते फ्री थ्रोही दाखव.

प्रश्न : आमची मुलगी १४ वर्षांखालील गटात खेळते. मुंबईत स्पर्धेला गेलं की रेफ्री मुंबईच्या संघाला झुकतं माप देतात, असं आम्हा सगळ्या पालकांचं मत झालं आहे. याची तक्रार कुठे करायची?
– एक पालक, घोडबंदर रोड, ठाणे

उत्तर : आधी प्रामाणिकपणे एक बघा. नागपाड्यासारख्या ठिकाणी पिढ्यान्‌पिढ्या बास्केटबॉल खेळला जातो. तिथली मुलं अंगाला अंग लावून खेळतात, आणि आपल्या सोसायटीच्या कोर्टवर तयार झालेल्या मुलींना तो प्रत्येक स्पर्श फाऊल वाटतो. ते सगळे फाऊल नसतात.

तरी तुमची शंका मी झटकणार नाही. आपल्याकडे लहान स्पर्धांना रेफ्री आयोजक बोलावतो, मानधन आयोजक देतो, चहा-नाश्ताही तोच. आणि बऱ्याचदा आयोजकाचाच संघ मैदानात असतो. एका स्पर्धेत यजमान क्लबच्या सामन्याला त्याच क्लबचे दोन प्रशिक्षक शिट्टी घेऊन उभे होते. मी सामना सुरू होण्याआधी बोलले आणि एक जण बदलला गेला. सामन्याआधी बोललं तर काहीतरी होतं. म्हणून प्रवेशिका भरतानाच तुमच्या प्रशिक्षकांनी लेखी विचारावं, की यजमान संघाच्या सामन्यांना बाहेरचे रेफ्री असतील का.

सामन्यानंतरच्या प्रोटेस्टची (अधिकृत आक्षेपाची) मर्यादाही माहीत असू द्या. फिबाच्या (आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाच्या) नियमाप्रमाणे कर्णधाराला स्कोअरशीटवर प्रोटेस्टच्या जागी सही करता येते, तीही सामना संपल्यावर १५ मिनिटांच्या आत. पण तो चालतो गुण किंवा वेळ मोजण्यात झालेली आणि दुरुस्त न झालेली चूक, खेळाडूची पात्रता अशा बाबींवर. फाऊल द्यायला हवा होता की नको, यावर प्रोटेस्ट होत नाही. तेव्हा एका पालकाने टेबलाजवळच्या बाजूला शांत बसून गुण आणि टीम फाऊल लिहीत जावेत. त्याचा उपयोग होतो. बेसलाइनच्या मागून ओरडण्याचा होत नाही, उलट तुमच्या मुलीचंच लक्ष उडतं.

प्रश्न : मी नेरुळची, अकरावीत आहे. मला खेळण्यापेक्षा रेफ्री व्हायला आवडेल. घरचे म्हणतात, मुलींना कोण ऐकणार? एनबीएत बायका रेफ्री असतात का?
– एक विद्यार्थिनी, नेरुळ

उत्तर : असतात. १९९७ मध्ये व्हायोलेट पामर आणि डी कँटनर या दोघी एनबीएत रेफ्री झाल्या. पामरने २०१६ पर्यंत काम केलं, प्लेऑफचे सामनेही केले. आज तिथे अनेक जणी आहेत. घरच्यांना हे सांग.

सुरुवात टेबलापासून कर. स्कोअरशीट भरायला शीक, २४ सेकंदांचं घड्याळ सांभाळायला शीक; जिथे टेबल पक्कं असतं तिथे रेफ्रीचं अर्धं काम झालेलं असतं. फिबाचं नियमांचं पुस्तक इंटरनेटवर फुकट मिळतं, ते छापून घे आणि सोबत ठेव. जिल्हा संघटनेच्या रेफ्री परीक्षेची चौकशी आताच कर. आणि सामने बघशील तेव्हा बॉलवरची नजर काढून, बॉल ज्याच्याकडे नाही त्या खेळाडूंचे पाय बघत जा. पहिले काही दिवस काहीच कळणार नाही. मग दिसायला लागेल. तसं झालं की मला लिही, शनिवारच्या वर्गाला तुला बोलावते.